आत्याचा धाकटा ट्यूबा

आत्याला ट्यूबा वाजवताना पहिल्यांदा बघणाऱ्याला आत्या दिसायचीच नाही. मांडीवर ठेवलेला पितळेचा डोंगर दिसायचा, त्यातून छताकडे तोंड करून उघडलेला परातीएवढा कर्णा दिसायचा, आणि बाजूने बाहेर आलेलं एक कोपर. बँडमध्ये ती सगळ्यात मागे, भिंतीला पाठ लावून बसायची. पुढे क्लॅरिनेटवाले, मध्ये ट्रम्पेट, आणि टाळ्या पडायच्या त्या बहुतेक त्यांनाच. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. "घराचा पाया बघायला कोणी येतं का?" ती म्हणायची. "खचला की मात्र सगळे धावत येतात."

ती माझ्या वडिलांची बहीण. बस डेपोत, सीटा शिवायच्या खात्यात होती. प्रवाशांनी फाडलेलं, कोणी ब्लेडने चिरलेलं रेक्झिन उसवायचं, आतला दबलेला फोम काढून नवा भरायचा, वरून नवं कापड ताणून बसवायचं, हे तिचं काम. त्या कामाने तिचे हात असे झाले होते की घट्ट बसलेली बरणी उघडायची असली की शेजारपाजारचे आमच्याकडे यायचे.

डेपोचा स्वतःचा बँड होता. कॅन्टीनच्या वरच्या खोलीत सराव चालायचा. कोणी निवृत्त झालं, नवीन गाड्या आल्या, किंवा सुट्टीच्या दिवशी बागेत लोकांना ऐकवायचं असलं की हा बँड वाजायचा. आत्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ती तिथे गेली ती खुर्च्यांच्या बैठकी बदलायला. कोपऱ्यात खोळ घातलेलं काहीतरी उभं होतं. वाजवणाऱ्याची बदली झाल्यापासून त्या ट्यूबाला कोणी हात लावला नव्हता.

"ते धूड हलवायला दोन माणसं पाठवतो," तेव्हाचे बँडमास्तर म्हणाले.

तोवर आत्याने ते कवेत उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं होतं. मास्तर जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, फुंकून बघता का?"

पहिल्या फुंकीला नुसती हवा गेली. दुसऱ्या वेळी म्हैस हंबरावी तसं काहीतरी झालं. तिसऱ्या वेळी मात्र एक सूर निघाला, आणि तो म्हणे खाली कॅन्टीनमध्ये चहा पिणाऱ्यांच्या कपांपर्यंत पोचला. आत्या सांगताना तिखटमीठ लावायची हे खरं. पण त्या सुरानंतर ती खुर्च्या अर्धवट सोडून तिथेच बसून राहिली, हे मास्तरांनीही मला सांगितलेलं आहे. तिशी जवळ आलेली, सा-रे-ग-मसुद्धा धड न येणारी बाई त्या आठवड्यापासून सरावाला जायला लागली. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर पुढे कित्येक वर्षं तिचं एकच उत्तर होतं : "मांडीवर जागा नाही."

आमचं घर चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. सकाळची पाळी संपवून आत्या दुपारी यायची, हातपाय धुवायची आणि मागच्या खोलीत ट्यूबा घेऊन बसायची. लांबच लांब, खोल सूर. खालचा चष्मेवाला म्हणायचा, "ताई, तुमचा सराव सुरू झाला की माझ्या कपाटातले सगळे चष्मे एका दिशेला बघायला लागतात." तक्रार म्हणून म्हणायचा की कौतुक म्हणून, ते आम्हाला कधी कळलं नाही.

बाबा गेल्यावर घरात आई आणि आत्या दोघीच उरल्या. मी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, तिथे माझी लाँड्री आहे. दोघींचं नातं मजेचं होतं. आई लग्न होऊन आली त्या दिवसापासून आत्याला "वन्सं" आणि "अहो-जाहो" करायची, भांडतानासुद्धा. "वन्सं, तुम्ही अगदी अक्कल गहाण टाकलीत," असं म्हणायची. आत्या मात्र तिला "वहिनी" म्हणून सरळ "अगं-तुगं" करायची. एकीचं दुसरीवाचून पान हलत नव्हतं, पण तसं कबूल करणं दोघींच्याही जिवावर यायचं.

मग आईचे कान जायला लागले. आधी दाराची घंटा गेली. मग किटलीची शिट्टी, मग खिडकीतले पक्षी. माणसं बोलताना तिला ऐकू यायचं, पण कळायचं नाही. ती म्हणायची, "शब्दांच्या कडा झिजल्यात." कानाच्या डॉक्टरांनी समजावलं की वय झालं की बारीक, उंच आवाज आधी जातात आणि जाड, खालचे आवाज मागे राहतात. कानात घालायचं यंत्र घेतलं, पण त्यातून भांडी कडाडायची आणि माणसं तशीच पुटपुटत राहायची, म्हणून ते बहुतेक वेळ डबीतच असायचं.

राहिला तो ट्यूबा. आई स्वयंपाकघरात लाकडी जमिनीवर अनवाणी उभी राहून भाजी चिरायची आणि मागच्या खोलीतला सूर तिच्या तळपायांतून वर यायचा. ती सुरीचा वेग त्यावर ठेवायची. मी एकदा सहज विचारलं, "आई, तुला खरंच ऐकू येतं का गं?" तर म्हणाली, "वन्सं बोलतात ते नाही येत. वाजवतात ते येतं. आणि तेच बरं आहे."

आत्या निवृत्त झाली तरी बँड सुटला नाही. निवृत्तांना वाजवू देत होते, आणि दुसरं म्हणजे तिच्या जागी कोणी यायला तयार नव्हतं. पण वय काही डेपोच्या नियमाने चालत नाही. आधी डावा खांदा धरला. ट्यूबा पाठीवरच्या पिशवीतून न्यायची ती दोन चाकांच्या ढकलगाडीवरून न्यायला लागली. ढकलगाडी रस्त्यावर ठीक असते, जिना आला की ती ट्यूबापेक्षाही जड होते. आमच्या घराला जिना, सरावाच्या खोलीला लोखंडी जिना. शेवटी एक दिवस ती हात हलवत घरी आली. "रोज कशाला ओझं वाहायचं? तिथेच ठेवून आले," असं म्हणाली आणि चहा टाकला. जणू छत्री विसरली होती.

ओठ हे पैलवानासारखे असतात. तालीम थांबली की सुटतात. घरचा सराव बंद झाल्यावर आत्याचे सूर थरथरायला लागले. जो लांब सूर ती एका श्वासात न्यायची त्याच्या मध्येच ती हळूच श्वास चोरायची. पुढच्यांना कळलं नसेल, पण आताच्या बँडमास्तरला कळलं. हा डेपोचा टाइमकीपर. उमेदवारीच्या काळात तो आत्याच्या पुढ्यात बसून ट्रम्पेट वाजवायचा, आणि गाडी अर्धं मिनिट उशिरा सुटली तरी ज्याच्या पोटात दुखतं अशातला तो माणूस. सुरातली फट त्याच्या कानातून सुटणं शक्यच नव्हतं. तो काही बोलला नाही एवढंच.

बोलायची वेळ आली ती जिन्यावर. बागेतल्या कार्यक्रमासाठी वाद्यं खाली न्यायची होती. एरवी कोणीतरी हात लावायचं. त्या दिवशी सगळे पुढे गेले होते आणि आत्याला कोणाची वाट बघायची नव्हती. तिने ट्यूबा कवेत घेतला आणि उतरायला लागली. मध्यावर डाव्या हातातली ताकदच गेली. ट्यूबा घसरला, कठड्यावर आपटला, आणि आत्या त्याच्यासकट पायरीवर बसली. लागलं फारसं नाही. ट्यूबाच्या पोटाला मात्र मूठभर पोचा आला. टाइमकीपर वर आला तेव्हा ती त्या पोच्यावर तळहात ठेवून बसली होती, एखाद्याच्या टेंगळावर ठेवावा तसा.

"आत्या, लागलं का?"

"याला लागलं."

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "रागावू नका. लहान आकाराचा ट्यूबा मिळतो. सूर हेच, कळांवरची बोटं हीच. आकार पाऊण, वजन बरंच कमी. मोठमोठे वाजवणारेही उतारवयात तोच घेतात."

"उद्या म्हणशील पिपाणी घ्या."

"मी फक्त..."

"शाळेतल्या पोरांसाठी असतो तो. मला काय दूधखुळी समजलास? इतकी वर्षं ज्याच्यावर तुम्ही सगळे उभे राहिलात ना, तो आवाज छोट्या डब्यातून नाही येत. जमेल तोवर हाच वाजवीन. नाही जमलं तर बंद."

त्या दिवशी बागेत तिने वाजवलं. पण पुढच्या सरावाला गेली नाही. पाठ दुखतेय असा निरोप गेला. त्याच्या पुढच्या वेळी पाहुणे आलेत असा. पाहुणे कसले, मीच गेले होते, धुतलेल्या चादरी द्यायला. तेव्हा आत्या कपाटं आवरत होती. नंतर कळलं, महिनाभर ती कपाटंच आवरत होती. आवरलेलं कपाट परत आवरत होती. दोरीवर कपडे टाकताना डावा हात खांद्याच्या वर जात नाही, हे आईने केव्हाच पाहिलं होतं. ती न बोलता कपडे स्वतः टाकायला लागली होती.

त्या दुपारी मी, आई आणि आत्या स्वयंपाकघरात बसलो होतो. आई मटार सोलत होती. मी आत्याला मोठ्याने म्हटलं, म्हणजे आईलाही कळावं म्हणून, "टाइमकीपर परवा माझ्या दुकानात आले होते. तुझी चौकशी करत होते."

"करू दे. सांग त्याला, माझं वाजवून झालं. पुष्कळ वाजवलं."

आईने मान वर केली. तिला किती ऐकू गेलं कोणास ठाऊक. पण आत्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा जरा चढ्या आवाजात ती म्हणाली, "वन्सं, एक विचारू? या घरात मला ऐकू येणारी एकच गोष्ट होती. ती तुम्ही डेपोत ठेवून आलात. मला वाटलं, दोन दिवसांत आणाल. वर्ष होत आलं."

आणि ती परत मटार सोलायला लागली.

आत्या उठली, एक वाटी उगाचच विसळली, पालथी घातली. "मी त्या अर्थाने कधी विचारच केला नाही, वहिनी," ती म्हणाली. पण ते आईकडे पाठ करून म्हणाली, त्यामुळे आईला ते कळलंच नाही. ते मी तिला नंतर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. "तुझी गाडी मोकळी आहे का? पोचा काढायला जायचंय. बाकी काही नाही." मी बरं म्हटलं. लाँड्रीची गाडी, मागे गाद्यांच्या खोळी; वाटेत डेपोतून घेतलेला ट्यूबा त्यात आरामात झोपला. घरून निघताना आई चप्पल घालून दारात उभी. "मीही येते," ती म्हणाली. कुठे जायचंय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. भिंतीवर आकड्यांना टांगलेली शिंगं, कर्णे, वेटोळ्या नळ्या. एका टोकाला कामाचं जाड लाकडी टेबल, त्यावर वेगवेगळ्या आकाराचे लोखंडी गोळे. ते नळीत घालून आतून पोचा बाहेर ढकलायचा असतो. मिस्त्री वाकून चालणारा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने पोच्यावरून बोट फिरवलं.

"हा निघेल," तो म्हणाला. मग आत्या ट्यूबा टेबलावर ठेवताना कशी वळली होती ते आठवून म्हणाला, "खांद्याचा पोचा मात्र माझ्याकडे निघत नाही."

आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण तिची नजर दुकानाच्या मागच्या कोपऱ्याकडे गेली होती. तिथे तीन लहान ट्यूबा उभे होते.

"बघायला काय जातंय," मी म्हटलं.

"बघायला काही जात नाही," मिस्त्रीही म्हणाला.

पहिला अगदीच आटोपशीर होता. आत्याने तो मांडीवर घेतला आणि सवयीचं काहीतरी वाजवायला गेली. बोटांनी एक सांगितलं आणि कर्ण्यातून दुसरंच आलं. ती दचकून थांबली. मिस्त्री म्हणाला, "याचं कुळ वेगळं आहे. नळीच आखूड, म्हणून वरच्या पट्टीचा. बोटं नव्याने शिकावी लागतात. पुष्कळ लोक शिकतात."

"शिकायला माझ्याकडे वेळ आहे हो," आत्या म्हणाली, "विसरायला नाही."

दुसरा चकचकीत होता आणि इतका हलका की तिने तो एका हाताने उचलला. हळू वाजवला तर गोड. जोर केला की पत्र्याचा डबा. तिने तो लगेच परत केला.

तिसऱ्याचा मुलामा जागोजागी गेला होता. अंगठा टेकतो तिथे पितळ झिजून गुळगुळीत झालं होतं, म्हणजे आधी कोणीतरी तो मनापासून वाजवला होता. सूर तिच्या मोठ्या ट्यूबाचेच, बोटंही तीच, फक्त आकार पाऊण. तिने तो मांडीवर घेतला आणि मला एकदम काहीतरी वेगळं वाटलं. जरा वेळाने लक्षात आलं की ती वाजवत असताना मला आत्याचा चेहरा दिसत होता. गाल, मिटलेले डोळे, कपाळावरची आठी. इतक्या वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता.

तिने डोळे उघडले. "बरा आहे," ती म्हणाली. "पण लहान आहे. आवाज माझ्याभोवती येत नाही. समोर कुठेतरी निघून जातो."

"तुम्ही कर्ण्याच्या मागे बसता," मिस्त्री म्हणाला. "आपल्याला तिथे जो ऐकू येतो तो आपल्यापुरता असतो. तुमचा मोठा ट्यूबा तुम्ही समोरून कधी ऐकलाय?"

आत्या कुठून ऐकणार? इतकी वर्षं त्या बँडमध्ये ट्यूबा वाजवणारी ती एकटीच. तो दुसऱ्या कोणी वाजवला असता तेव्हा ना.

"मग जा, तिकडे दारापाशी उभ्या राहा."

आई आधीपासून दारापाशीच होती, टेबलाच्या दुसऱ्या टोकावर तळहात ठेवून. आत्या तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मिस्त्रीने हात पुसले, आत्याचा मोठा ट्यूबा मांडीवर घेतला आणि एक लांब सूर लावला, मग त्याखालचा, मग त्याच्याही खालचा. खोली भरत गेली. आकड्यांवरची शिंगं बारीक कंप पावायला लागली. आत्या पदर मुठीत धरून उभी होती. स्वतःच्या घराचा रस्त्यावरून काढलेला फोटो पहिल्यांदा बघावा तसं तिचं तोंड झालं होतं.

"असा वाजतो होय," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, याहून मोठा असेल."

मग मिस्त्रीने तेच सूर धाकट्यावर वाजवले. दारातून ऐकताना फरक होता, पण आत्याला वाटला होता तेवढा नव्हता. मोठ्याचा आवाज खोलीभर पसरून येत होता, याचा नीट वाट धरून येत होता. अगदी तळाचा सूर मात्र याचा तोकडा पडला, हे माझ्यासारख्या न कळणारीलाही कळलं.

"वहिनी," आत्याने आईच्या समोर येऊन, ओठ नीट हलवून विचारलं, "काय आलं तुला?"

आईने टेबलावरचा हात उचलला. "मोठा पायाला येतो," ती म्हणाली. "हा इथे येतो." तिने छातीवर हात ठेवला. मग खोटं बोलायची सवय नसल्यामुळे पुढेही बोलली, "शेवटचा, खालचा एक मात्र मला आलाच नाही. त्याने वाजवला का नाही, तेही कळलं नाही."

मिस्त्री पोच्याकडे वळला.

परतताना धाकटा ट्यूबा गाडीत होता. मिस्त्रीने तो घरी नेऊन वाजवून बघायला दिला होता, आवडला तर ठेवा म्हणून. आत्या पुढे माझ्या शेजारी बसली होती, आई मागे खोळींच्या ढिगाला टेकून. बराच रस्ता गेल्यावर आत्या म्हणाली, "एक सूर गेला." ती माझ्याशी बोलत होती, पण सिग्नलला गाडी थांबली होती आणि ती मागे वळली होती. आईने तिचे ओठ वाचले.

"माझे वरचे सगळे गेले," आई म्हणाली. "म्हणून मी काय तोंडाला कुलूप लावलं?"

"तू कशाला लावशील," आत्या म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

घरी तिने तो स्वतः पाठीवर घेऊन जिना चढला. मी मागून आधाराला हात पुढे करून चढत होते, पण हात लावायची वेळ आली नाही.

पुढचे काही आठवडे सोपे गेले नाहीत. मोठ्या ट्यूबाला जेवढी हवा लागायची तेवढीच ती यात भरायची, आणि सूर फाटायचा. चष्मेवाला एकदा वर येऊन विचारून गेला की सगळं ठीक आहे ना. टाइमकीपर भेटायला आला, ऐकलं, आणि म्हणाला, "आत्या, बादली भरायची सवय आहे तुम्हाला. हा पेला आहे. बादलीभर ओतलं तर सांडणारच." तिला राग आला, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती कमी हवेत वाजवायला बसली. कमी फुंकून सूर धरून ठेवणं हे जास्त फुंकण्यापेक्षा अवघड असतं, असं तिने मला सांगितलं. इतक्या वर्षांत ते तिला शिकावंच लागलं नव्हतं. ताकद होती, तेव्हा ताकदीने भागलं.

दुपारचा सराव परत सुरू झाला. आई भाजी चिरताना मध्येच थांबायची, मान वाकडी करायची, परत चिरायची. काही दिवसांनी मी पाहिलं की ती पाट मागच्या खोलीच्या दारात घेऊन बसायला लागली होती. जमिनीतून पूर्वीइतकं येत नव्हतं, म्हणून ती जवळ गेली होती. आत्याने तिला काही म्हटलं नाही. फक्त कर्णा जरा दाराकडे वळवला.

आत्याने बाजूला ठेवलेल्या पैशांतून धाकटा घेऊन टाकला आणि सरावाला गेली, तेव्हा झांजा वाजवणाऱ्याने तिला दारातच गाठलं. "आत्या, बाळ कधी झालं?"

"उशिरा झालं," आत्या म्हणाली, "पण गुणी आहे."

सगळे हसले आणि ती तिच्या भिंतीपाशी जाऊन बसली. मोठा ट्यूबा डेपोचाच होता, पोचा निघून तो परत त्याच्या कोपऱ्यात उभा होता. तो कोणी घेईल असं तिला वाटलं नव्हतं. पण कॅन्टीनचा आचारी वर आला. चांगला आडवातिडवा, पन्नाशीचा गडी. एवढी वर्षं खाली मोठमोठ्या पातेल्यांपाशी उभा राहून तो छतातून येणारा तो आवाज ऐकत आला होता. "मला कोणी कधी विचारलं नाही," तो म्हणाला, "नाहीतर मी केव्हाच आलो असतो."

त्याने पहिल्यांदा मोठा ट्यूबा मांडीवर घेतला तेव्हा आत्या उठून बाहेर जिन्यात गेली. आपलं पोर दुसऱ्याच्या मांडीवर बघवलं नाही, असं ती मला म्हणाली. आतून हवेचा फुस्स आवाज आला, मग घोगरं काहीतरी, मग आचाऱ्याचं खजील हसू. आत्या कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग आत गेली आणि म्हणाली, "पाठ सरळ. आणि गाल फुगवू नका, ते फुगे नाहीत." आठवड्यातून एक संध्याकाळ तो लवकर येऊ लागला आणि ती त्याला शिकवू लागली. तो तिला "गुरुजी" म्हणायचा. तिने बरंच सांगून पाहिलं, त्याने सोडलं नाही.

थंडी ओसरल्यावर बागेत कार्यक्रम झाला. मी आईला घेऊन गेले. आम्ही पुढे बसलो नाही. आईला मंचाच्या बाजूचा लाकडी बाक हवा होता, मंचाच्याच फळ्यांना जोडलेला. मागच्या ओळीत आचारी आणि आत्या शेजारी शेजारी. त्याचा चेहरा कर्ण्याआड गेलेला, तिचा दिसत होता. आत्याने आधीच टाइमकीपरला सांगितलं होतं की तळाचे सूर आचाऱ्याला द्या, मी त्यांच्या वरचे घेते. तो "तुम्हीच घ्या ना" म्हणाला होता, त्यावर तिने "मला येत नाहीत म्हणून नाही सांगत, त्याला यायला हवेत म्हणून सांगतेय" असं म्हटलं. त्यातलं किती खरं आणि किती मनाची समजूत, हे तिचं तिलाच माहीत.

एका संथ गाण्यात ट्यूबाला थोडा वेळ चाल आली. एरवी ती वरचे वाजवणारे घेतात. आत्याने ती घेतली. मोठ्यावर तिने ती कधी घेतली नसती, त्याला वळायला जागा लागते. धाकटा वळला. लांब सुरात तिने मध्ये श्वास घेतला, पण चोरून नाही. वाक्य संपल्यावर माणूस घेतो तसा, उघडपणे. आई फळीवर हात ठेवून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, तर तिने खूण केली की बोलू नकोस. मी बोलतच नव्हते.

संध्याकाळी घरी तिघी जेवायला बसलो. आत्या दमली होती, पण अंगात वारं शिरल्यासारखी बोलत होती. आचाऱ्याने एका ठिकाणी कसं लवकर सोडलं, झांजवाला कसा झोपेत होता. आई ब्रेडचा तुकडा सूपमध्ये बुडवत होती. मग मान वर करून म्हणाली, "तिसरं गाणं जरा घाईत झालं, वन्सं."

आत्याचा चमचा हवेत थांबला. "घाईत? कुठे घाईत?"

"मधे. तुमचं ते आलं ना, त्याच्या आधी. तुम्ही पुढे पळालात, आणि बाकीचे मागून धावले."

"वहिनी, तो वेग टाइमकीपरने दिला होता."

"त्याने दिला असेल. पळालात तुम्ही."

आत्या माझ्याकडे वळली. "सांग हिला." मी काय सांगणार, मला तिसरं गाणं कुठलं तेसुद्धा आठवत नव्हतं. आत्या तणतणली, खुर्ची मागे सरकवून मागच्या खोलीत गेली आणि तो भाग परत वाजवून दाखवला. मग दारातून डोकं काढून विचारलं, "असं?"

"हां," आई म्हणाली. "असं हवं होतं."